वाघबारशीच्या कुंपणाची कहाणी

ऐका वाघोबादेवा, तुमची कहाणी. बायांनो, तांदूळ हातात धरा, लेकरं जवळ घ्या.

आटपाट गाव होतं, रानाच्या तोंडाशी. त्याला दोन आळ्या. वरच्या आळीत कौलारू घरं आणि विहीर. खालच्या आळीत कुडाची खोपटं. रानात वाघ होता, म्हणून गावाभोवती काट्यांचं कुंपण तेवढं एकच होतं.

दर वाघबारशीला, आश्विनातल्या वद्य बारशीला, घरटी एक काट्याचा भारा निघे, घरटी एक मूठ तांदूळ निघे. कुंपण सगळे मिळून नीट करीत, तांदूळ एका हंड्यात शिजत, दोन्ही आळ्या एका पंगतीला बसत. हा गावाचा वसा. तो पाटलाची म्हातारी आई चालवी. मरताना सुनेला, येसाबाईला, म्हणाली, "सूनबाई, काटा कमी पडू देऊ नकोस, पंगत मोडू देऊ नकोस. वाघ दिसत नाही तेव्हाही बघत असतो."

येसाबाई हो म्हणाली. म्हातारी गेली. वाघबारस आली. येसाबाईनं काटे दिले, तांदूळ दिले, पंगतीला काही बसली नाही. म्हणाली, "टोपल्या विणणाऱ्यांच्या मांडीला मांडी कोण लावील?" दुसरं साल आलं. काटे दिले, तांदूळ दिले नाहीत. तिसरं साल आलं. मग ती उतली, मातली. गड्यांना म्हणाली, "आपले काटे आपल्यापुरते. खालच्या बाजूचे उपसा, आळ्यांच्या मधून कुंपण घाला." पाटील राजाच्या चाकरीवर दूर गेलेले, अडवणारं कोणी नव्हतं. मधे कुंपण उभं राहिलं. विहीर आत राहिली, खालची आळी बाहेर राहिली.

खालच्या आळीत सोनकी नावाची विधवा बुरूडीण होती. तिचा सासरा धोंडी गावचा जागल्या. वाघाची चाहूल लागली की डफ वाजवी. सोनकी कुंपणाशी आली. म्हणाली, "बाई, आम्ही कुठं जावं?"

"तुमचं तुम्ही बघा," येसाबाई म्हणाली.

मग वाघ आला. पहिल्यांदा सोनकीची शेळी नेली. डफ वाजला, वरच्या आळीनं दारं लावली. दुसऱ्यांदा एक वासरू नेलं. डफ वाजला, वरच्या आळीनं दारं लावली. तिसऱ्यांदा आला तो ऐन दिवेलागणीला. येसाबाई तुळशीपाशी दिवा लावीत होती. डफ एकदा वाजला, दोनदा वाजला, तिसरी थाप पडलीच नाही. येसाबाई तिसऱ्या थापेची वाट बघत उभी राहिली. हातातली वात विझली. सकाळी डफ सापडला, म्हातारा सापडला नाही.

मग डफ बंद झाला. आता वाघ कुठं आहे ते कुणालाच कळेना. पान सळसळलं तरी माणसं दचकत. कुंपणही विरळ झालं. निम्मे हात बाहेर राहिलेले, रानात काटे तोडायला जाणार कोण? सकाळी एक भगदाड बुजवावं, संध्याकाळी दुसरं दिसावं. एका भगदाडाशी ओल्या मातीत पंजा उमटला होता, थाळीएवढा. येसाबाईनं तो पायानं पुसून टाकला, कुणाला सांगितलं नाही.

तिला पाच वर्षांची लेक होती, चंपी. नवसाची. पदराखालून हलू देत नसे. एके दिवशी दिवस कलला आणि चंपी दिसेना. माडीवर पाहिलं, गोठ्यात पाहिलं, विहिरीत वाकून पाहिलं. मग कुंपणाच्या काट्याला परकराची चिंधी दिसली. पोर खालच्या आळीत खेळायला गेली होती. येसाबाई पळतच निघाली.

पहिल्या दारी गेली. "चला हो, माझी चंपी बाहेर आहे!" आतून म्हणाले, "बाई, अडसर घातलाय." दुसऱ्या दारी गेली. "आमच्याकडं म्हातारी माणसं आहेत." तिसऱ्या दारी गेली. आतला दिवा तेवढा विझला.

मग ती एकटी कुंपणाशी आली. भगदाड पोरीच्या बेताचं. हातांनी काटे ओढले. तळहात फाटले, लुगडं फाटलं. बाहेर पडली, चार पावलं गेली आणि थांबली. वाटेत वाघ बसला होता.

उठला नाही, गुरगुरला नाही. नुसता बघत होता. तोंडाला ओलं तांबडं लागलं होतं. येसाबाईला वाटलं, हे माझ्या चंपीचं. वाघानं शेपूट आपटलं, एकदा, दोनदा.

सोनकीनं कुडाच्या फटीतून हे पाहिलं. दार उघडलं, सूप बडवीत बाहेर आली. "निघा गं, निघा रे, वाघ आलाय!" एकेक खोपट उघडलं. कुणाच्या हाती सूप, कुणाच्या हाती मुसळ, कुणाच्या हाती पेटती चूड. येसाबाईला मधे घेतलं, भोवती फेर धरला. वाघ उठला. एक वेढा घातला, दुसरा घातला, तिसरा घातला. तो फट हुडकी, तिथं चूड पुढं येई. सोनकीचं सूप थांबलं नाही. मग वाघ रानाकडं गेला, हळू हळू, मागं बघत बघत.

चंपी सोनकीच्या खोपटात मोठ्या टोपलीखाली दडवलेली होती. तांबडं होतं ते कुत्र्याचं.

येसाबाईनं पोरीला उराशी धरलं. "सोनके, तुझा सासरा माझ्यापायी गेला. मला का वाचवलंस?"

"दया आली म्हणून नाही, बाई. इथं त्याचं पोट भरलं असतं तर रोज इथंच आला असता. त्याला आळ्या कळत नाहीत."

"मग मी काय करू?"

"एकट्या तुम्ही काही करायचं नाही. दोन्ही आळ्या बोलवा. कुंपण कुठून जाईल, विहिरीवर कोण येईल, डफ कोण धरील, ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. आमच्या शब्दाला तुमच्या शब्दाएवढं वजन. काटा घरटी, मूठ घरटी, डफाची पाळी घरटी. तुमचं घरही त्यात."

दुसऱ्या दिवशी येसाबाई न्हाली आणि फाटक्या हातांनी मधलं कुंपण उपसू लागली. वरची आळी कुजबुजली, "विटाळ होईल." येसाबाई म्हणाली, "काल तीन दारं ठोठावली. एकही उघडलं नाही. ज्यांनी उघडली त्यांचा विटाळ मला सांगू नका." मग एक आला, दुसरा आला. पारावर सगळे बसले. भांडले, रुसले, उठून गेले, परत आले. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी कुंपण उभं राहिलं, दोन्ही आळ्यांभोवती. विहीर सगळ्यांची झाली. पाटील परत आले. पाळी आली तेव्हा डफ गळ्यात अडकवून गेले.

वाघबारस आली. हंडा चढला, पंगत बसली. सोनकीनं पहिलं पान धोंडीचं मांडलं. येसाबाईनं त्यावर भात वाढला. तिला वाटलं, आता ही काही बोलेल. सोनकी पुढचं पान मांडायला गेली. येसाबाई त्या पानाशेजारी बसली. घास तोंडात फिरत राहिला, पण उठली नाही. इतक्यात रानातून डरकाळी आली. सगळी पंगत थबकली. ज्यानं त्यानं शेजारच्याचा हात धरला, कुठल्या आळीचा ते न बघता.

वाघोबादेवा, येसाबाईला दाखवलंत ते भय कुणाला दाखवू नका. सोनकीसारखी शेजारीण आम्हांला द्या, आणि तिच्यासारखं दार उघडायचं बळ आम्हांलाही द्या. साठ घरांवर गुदरलेली, पाच जणींनी ऐकलेली ही कहाणी सुफळ झाली, संपूर्ण झाली.