सोनतारीची अपुरी लाखोली

झोपेच्या वाटेवर एक कातळाचं राज्य लागतं, तिथली ही गोष्ट. तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, श्रावणात सोनतारीची फुलं फुलत. इतकी पिवळीधमक, की संध्याकाळी गावात दिवा लावावा लागत नसे. हजारात एखादंच फूल मातकट निघे, दगडाच्या रंगाचं. त्याच्याकडे कोण पाहणार?

एकदा काय झालं, राजकन्या हंसावती तान्ही असताना आजारी पडली. राणीने देवीला नवस केला, "पोर वाचू दे. बारा वर्षं तुला सोनतारीची लाखोली वाहीन." लाखोली म्हणजे एक लाख फुलं, बरं का. पोर वाचली. मग दर श्रावणात देवळातली गुरवीण धोंडूबाई बायका घेऊन सड्यावर जाई. देवीला वाहायचं ते उजळच, असा रिवाज. कुणी चुकून दुसरं खुडलं की ती म्हणे, "अगं, मातकट कशाला घेतेस? देवी काय तुझी सवत आहे?" उजळ फुलं परडीत येत, मातकट झाडावर राहत. मग त्यांचंच बी धरे, आणि पुढच्या वर्षी तेच उगवे.

पहिल्या वर्षी काही कळलं नाही. पाचव्या वर्षी गावात दिवे लागले. बाराव्या वर्षी लाखोलीत एक फूल कमी पडलं.

"फुलं रुसली," राणी म्हणाली. मग होम झाला, ढोल वाजले, नारळाचं तोरण चढलं. फूल काही मिळेना. राणी अंथरुणाला खिळली. "एवढं एक फूल आण गं, बाळे. अपुरा नवस घेऊन मी कशी जाऊ?"

मग हंसावती एकटीच सड्यावर गेली. एका मातकट फुलासमोर बसली.

"का रुसलात?"

आणि फूल बोललं, बरं का! "रुसणारे आम्ही कोण? आमच्यातल्या एकाही झाडाने रंग बदललेला नाही. माझी आई मातकट, तिची आई मातकट. सोनेरी होत्या, त्यांना बी धरू दिलंत कधी?"

"एकही उरली नाही?"

"त्या भेगेत पाहा. तिथे धोंडूबाईचा हात पोचला नाही."

भेगेत एक सोनतारी तेवत होती. हंसावतीचा हात बारीक, तो पोचला. तिने देठ बोटांत धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग सोडला.

"मिळालं?" राणीने विचारलं.

"मिळालं, आई."

"मग दे ना."

"झाडावरच आहे."

राणीने भिंतीकडे तोंड फिरवलं. तशीच म्हणाली, "बी धरेल ना ते?"

"धरेल."

"चांगलं म्हणूनच वेचलं गं मी. चांगलं तेवढंच वेचलं."

राणी गेली. लाखोली अपुरीच राहिली. देवी रागावली नाही. तिने मागितली तरी कुठे होती? पुढच्या श्रावणात भेगेजवळ तीन सोनेरी फुलं आली, त्याच्या पुढच्या श्रावणात सात. हंसावती म्हातारी झाली, तेव्हा त्यांच्या उजेडात जेमतेम एक पायवाट दिसे. बाकी सारे सुखाने नांदले. दिवे मात्र लावावे लागले.

झोपा आता, आपलाही दिवा मालवते. आपल्यालाही तो लावावाच लागतो ना.