लाल तारेचा भाव

दुपारचे बारा वाजले होते. ठिकाण, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या अनसूयाबाई बोरुडे यांची गच्ची. तारा बोलत असत, तेव्हाची ही घटना आहे.

गच्चीवरच्या सोलर पॅनेलकडे दोन कंपन्यांच्या दोन तारा आल्या. घरात वापरून उरलेली वीज दोघींनाही विकत हवी होती. निळी म्हणाली, "युनिटला तीन रुपये."

"मी पाच देते, राजा!" लाल म्हणाली. पॅनेल हरखलं आणि त्याने लालशी करार केला.

कठड्यावरच्या खारीला राहवेना. "अरे, अनसूयाबाईंचं मशीन चालतं रात्री. तेव्हा तू झोपलेला. मग वीज हिच्याकडूनच घ्यायची ना? ती केवढ्याला? नाहीतर सगळी शिलाई बिलातच जायची!"

"मी सातला देते," निळी म्हणाली. "पण मला कुणी विचारलंच नाही."

"आणि तू गं?" खारीने लालला विचारलं.

"ते खांबाला विचार," लाल म्हणाली.

खांब म्हणाला, "डीपीला विचार."

खार रस्त्याकडेच्या डीपीच्या विजेच्या पेटीकडे धावली. डीपी नुसती गुणगुणत राहिली.

"घ्यायचा भाव ओरडून आणि द्यायचा रुमालाखाली?" खार चिडली. "हा कुठला बाजार?"

अंधार पडल्यावर अनसूयाबाईंनी मशीन सुरू केलं. ती वीज कोणत्या भावाची होती, हे लाल तारेने अजून सांगितलेलं नाही.