बारा खाटा, वीस श्वास

एकदा एका जिल्ह्याच्या रुग्णालयात एक वृद्ध परिचारिका मुलींना परिचर्या शिकवीत असत. पस्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून इतक्या मुली गेल्या, की आसपासच्या कुठल्याही दवाखान्यात त्यांची एखादी विद्यार्थिनी भेटेच. सगळ्या त्यांना बाई म्हणत. त्यांच्या शेवटच्या तुकडीत एक मुलगी फार हुशार होती. प्रात्यक्षिक परीक्षा तेवढी उरली होती. ती झाली की नेमणूक पक्की. शिकून नोकरीला लागणारी तिच्या घरातली ती पहिलीच.

परीक्षा साधी होती. बारा रुग्णांचा ताप, नाडी आणि श्वास मोजून तक्ता भरायचा. इतर मुली चौथ्या-पाचव्या खाटेशी घुटमळत असतानाच हिने तक्ता बाईंपुढे ठेवला. अक्षर मोत्यासारखे, खाडाखोड नाही. श्वासाच्या रकान्यात मात्र बाराही ठिकाणी वीस. बारा माणसे, बारा दुखणी आणि श्वास सगळ्यांचा कवायतीला उभे राहिल्यासारखा एका तालात! नाडी झाली की श्वास अंदाजाने लिहायचा, हे ती वरच्या वर्गातल्या मुलींकडून शिकली होती.

बाई उठल्या आणि सातव्या खाटेवरच्या म्हाताऱ्या कासाराचे मनगट धरून बसल्या. मिनिट होताच त्यांनी एका मुलीला डॉक्टरांकडे पिटाळले. श्वास बत्तीस होता. धावपळ झाली, ऑक्सिजन लागला, हळूहळू म्हातारा सावरला. तरी बाईंनी मनगट सोडले नाही. आता मोजायचे काय राहिले, ते त्या हुशार मुलीला कळेना.

बऱ्याच वेळाने कासार बोलला, "बाई, जन्मभर बांगड्या भरल्या. हात धरणाऱ्याचं ध्यान कुठं हाय ते कळतं मला. मघाची पोर गुणी हाय, पण तिचं ध्यान पुढच्या खाटेवर होतं."

"मी मोजलाच नाही, बाई," मुलगी म्हणाली. "कुणाचाच नाही."

"ठाऊक आहे. तुझ्या वयात मीही असाच वीस लिहिला होता. ती रुग्ण वाचली नाही. श्वास कुणी मोजतंय हे कळलं, की माणूस तो बदलतो. म्हणून नाडी झाली तरी मनगट धरून ठेवायचं आणि नकळत छातीकडे बघायचं. त्याला वाटतं, कुणीतरी आपला हात धरून बसलंय. त्याचं ते वाटणं खोटं ठरू द्यायचं नाही. मी शिकवलं ते एवढंच."

मग त्यांनी तक्त्यावर 'अनुत्तीर्ण' लिहिले. लिहिताना त्यांनाही वाईट वाटले. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी होती. मुलीचे डोळे भरून आले, पण तिने विनवणी केली नाही. कोरा तक्ता घेऊन ती पहिल्या खाटेपाशी गेली. याचे गुण कुणी देणार नव्हते.

तिथल्या आजोबांचा श्वास चोवीस भरला. लिहिण्यासाठी ती हात सोडवू लागली, तर आजोबांनी तिची बोटे मुठीत घट्ट धरली होती. ती तशीच बसून राहिली.