न घालता वाढलेलं तेल

“तेल कधी बदललंस?”

सोमगिरीबाबांनी एवढंच विचारलं आणि मठाच्या जीपच्या बॉनेटवर हात ठेवून ते उभे राहिले.

जीपच्या मागच्या बाकावर धनगरवाड्यावरची सखू पडली होती. पहाटेपासून तिला कळा येत होत्या, आता ऊन डोक्यावर आलं होतं, आणि मूल पोटात आडवं होतं. सासू ठकूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वाड्यावरची सगळी बाळंतपणं ठकूबाईच्या हातची. आज तिनंही हात टेकले होते.

स्टिअरिंगवर विश्वंभर होता, बाबांचा पट्टशिष्य. किल्ली फिरवायची तेवढी बाकी होती. अशा वेळी तेलाची चौकशी कशाला, हे त्याला कळेना.

“बाबा, उशीर होतोय.”

“होतोय. तेल कधी बदललंस?”

“गाडी मठात आली तेव्हा. दोन दिवाळ्या झाल्या असतील.” मग राहवलं नाही म्हणून तो जरा ताठ होऊन म्हणाला, “पण पाच हजार किलोमीटरला बदलायचं असतं, बाबा. ही सहाशेसुद्धा चाललेली नाही.”

गाडी कमी चालली हा जणू त्याचाच पराक्रम होता. आणि खरं सांगायचं तर होताच.

जीप एका भक्तानं अडल्यानडल्या माणसासाठी म्हणून मठाला दिली होती. बाबांनी किल्ली विश्वंभरच्या हातात ठेवली आणि त्या दिवसापासून गाडीला देवपण आलं. डोंगरावर कुणाला ताप चढला, कुणाचा हात मोडला, की घरचा माणूस मठाच्या पायरीशी येई. विश्वंभर शांतपणे विचारी, “चालत जाण्यासारखं आहे ना?” चालत जाण्यासारखं नेहमीच असे. खरी अडचण आली तर गाडी हाताशी हवी, असं त्याचं म्हणणं. ती खरी अडचण काही केल्या येत नव्हती.

गाडीची बडदास्त मात्र चोख होती. रोज पुसणं, शुक्रवारी हळदकुंकू, दसऱ्याला झेंडूची माळ. आणि रोज पहाटे काकडआरती सुरू झाली की विश्वंभर इंजिन चालू करी, आरती संपली की बंद. इंजिन जागं राहावं म्हणून. वाड्यावरची पोरं याला गाडीची काकडआरती म्हणत, अर्थात त्याच्या पाठीमागे.

“बॉनेट उघड,” बाबा म्हणाले.

“बाबा, आत्ता?”

“सकाळी आवाज ऐकला मी. आत काहीतरी टकटक वाजत होतं.”

संन्यास घेण्याआधी बाबांनी बरीच वर्षं मालट्रक चालवला होता. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, पण आवाज ऐकायची सवय गेली नव्हती.

सखूचा नवरा बिरू गाडीभोवती येरझाऱ्या घालत होता. तो थांबला. “बाबा, बिगी बिगी करा की वो... तिला सोसंना झालंया.”

त्यानंच टेकाडावर चढून फोन लावला होता. रुग्णवाहिका खालून निघाली होती, पण तिची धाव डोंगराच्या पायथ्याच्या फाट्यापर्यंतच. वरचा रस्ता तिला जमत नाही. तिथवर सखूला नेणं यांच्या अंगावर होतं.

न्यायला वाटा दोनच. गाडीरस्ता आधी खिंडीपर्यंत उभा चढतो आणि मग पलीकडून वळणं घेत उतरतो. त्यावर ना घर, ना माणूस. दुसरी पायवाट. ती थेट खाली जाते, पण अरुंद आहे आणि घसरणीची आहे.

विश्वंभरनं उतरून बॉनेट उघडलं. आतली तेल मोजायची पट्टी बाबांनी ओढून बाहेर काढली.

ती बघताच विश्वंभरचा चेहरा उजळला. “बघा ना, बाबा. वरच्या खुणेच्याही वर आहे. मी एक थेंब घातलेला नाही, तरी वाढलंय.”

ही गोष्ट तो गेले काही महिने येणाऱ्या भक्तांना सांगत असे. नुसती सांगत नसे, पट्टी काढून दाखवत असे. दोन म्हाताऱ्या तर त्या पट्टीला हात लावून नमस्कार करून गेल्या होत्या.

“वाढलं?” बाबांनी विचारलं. “कुठून आलं?”

“...देवाची कृपा.”

तेल भरायच्या जागेचं टोपण त्यांनी फिरवून काढलं. टोपणाच्या आतून पिवळट पांढरं, लोण्यासारखं काहीतरी थापलेलं होतं. ते त्यांनी बोटानं निपटलं आणि विश्वंभरच्या तळहातावर ठेवलं.

“वास घे.”

त्यानं हात नाकाशी नेला. पेट्रोलचा वास होता, आणि बंद खोलीतल्या ओलीचा.

“पाणी आहे ते,” बाबा म्हणाले. “आणि न जळालेलं पेट्रोल. रोज चालू करतोस आणि तापायच्या आत बंद करतोस. आतली वाफ बाहेर पडत नाही, तिचं पाणी होतं आणि तेलात उतरतं. हातच लावला नसतास तर यापेक्षा बरी राहिली असती.”

विश्वंभर तळहाताकडे बघत राहिला. इतक्या दिवसांची कृपा तिथं गोळा होऊन बसली होती.

मागून सखू ओरडली. ठकूबाईनं तिच्या तोंडात पदराचा बोळा दिला आणि बाहेर डोकं काढलं. “बाबा, लेकरू आडवं हाय. माज्या हातनं आता काय बी हुयाचं न्हाई. काय ते ठरवा.”

“गाडी पोचंल का?” बिरूनं विचारलं.

“पोचेलही,” बाबा म्हणाले. “नाहीतर खिंडीच्या चढावर अडकेल. सांगता येत नाही.”

“पोचेल,” विश्वंभर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच उगाच मोठा वाटला. “मी रोज सांभाळलीय तिला. माझ्या हातची गाडी आहे. पोचणार.”

तो आत बसला आणि त्यानं किल्ली फिरवली. इंजिन लागलं. त्याला इतकं हायसं वाटलं की तो बाबांकडे बघून हसणार होता.

मग टकटक ऐकू आली. रोज आरतीच्या घंटेत ती बुडून जात असे.

समोर तेलाचा लाल दिवा पेटला होता. एरवी तो इंजिन लागताच विझायचा. विश्वंभरनं पाय हलकेच दाबला. टकटक वाढली. दिवा तसाच राहिला.

बाबा खिडकीशी आले. किल्लीला त्यांनी हात लावला नाही.

“किल्ली तुझ्याकडे आहे. बाई तुझ्या गाडीत आहे. सांग.”

“तुम्ही सांगा, बाबा.”

बाबा खिडकीपासून एक पाऊल मागे सरकले.

“बाबा, तुम्ही सांगा ना!”

बिरू त्याच्याकडे बघत होता. आरशात ठकूबाईचे डोळे दिसत होते. विश्वंभरला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती गाडीची नव्हती. आपण ‘पोचेल’ म्हणालो ते सखूसाठी नव्हे, हे त्याला कळलं होतं. आपली गाडी खोटी ठरू नये, एवढ्यासाठी तो तिला खिंडीत न्यायला निघाला होता.

त्यानं किल्ली उलटी फिरवली. टकटक थांबली.

“नाही नेत,” तो म्हणाला.

बाबा वळले आणि झपझप गाभाऱ्यात गेले. मठात जुनी पालखी होती. पूर्वीचे महंत तीत बसून डोंगर उतरत. आता वर्षातून एकदा आद्य गुरूंच्या पादुका तीत बसत आणि तेवढ्यापुरतेच चार भोई सोवळ्यानं तिला हात लावत. त्या सोवळ्याची राखण विश्वंभरकडेच होती. एकदा एका भोयाच्या पायात चप्पल दिसली, तर त्यानं पालखी जागच्या जागी थांबवून सगळी नव्यानं धुऊन घेतली होती.

बाबा बाहेर आले ते पादुका छातीशी धरून. त्या त्यांनी जीपच्या पुढच्या सीटवर ठेवल्या.

“त्यांना घाई नाही,” ते म्हणाले. “पालखी आणा.”

बिरूबरोबर वाड्यावरून आलेल्या भिकूनं आणि त्याच्या भावानं पालखी अंगणात आणली. वरचं छत उपटून बाजूला टाकलं, आत घोंगड्या अंथरल्या. ठकूबाई आणि बिरूनं सखूला उचलून आत ठेवलं. तिच्या लुगड्याला रक्त होतं. ते गादीच्या लाल मखमलीला लागलं आणि विश्वंभर नेमका तिथंच बघत होता.

“तिघंजण हायती,” बिरू म्हणाला. “मी, भिकू आन् त्येचा भाऊ. चौथा खांदा पायजे.”

बाबांनी विश्वंभरकडे पाहिलंही नाही. म्हातारा माणूस, सरळ दांड्याकडे चालू लागला.

“बाबा, थांबा.”

विश्वंभरनं अंगावरचं उपरणं काढलं, घडी करून खांद्यावर ठेवलं आणि पुढच्या दांड्याखाली खांदा दिला. त्याच्या जोडीला पुढं भिकू होता. गेल्या थंडीत याच भिकूनं बापाला दवाखान्यात न्यायला गाडी मागितली होती. चालत जाण्यासारखं होतं. त्यानं बापाला पाठुंगळी घेऊन डोंगर उतरवला होता.

भिकू ते काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं, असं विश्वंभरला सारखं वाटत राहिलं.

पायवाट सुरू झाली. पालखी जड होती, आणि पुढचा दांडा उताराला सगळा भार अंगावर टाकत होता. मठातल्या गुळगुळीत फरशीवर वावरलेल्या विश्वंभरच्या पायांना खडे टोचत होते. पहिल्या वळणावर उपरणं सरकून पडलं. ते उचलायला थांबता येत नव्हतं, मग दांडा उघड्या खांद्यावर घासू लागला. आत सखू कण्हत होती. कण्हणं थांबलं की चौघांचेही पाय अडखळत, पुन्हा ऐकू आलं की चालू लागत.

मधल्या घसरणीवर त्याचा पाय सुटला. भिकूनं एका हातानं दांडा पेलला आणि दुसऱ्यानं त्याचा दंड धरला.

“पाय जपा, बुवा. हितला दगड सुटा हाय.”

विश्वंभरला त्याच क्षणी रडू आलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, त्यामुळे तो तसाच रडत रडत उतरला. भिकूला ते दिसलं असणारच. तो फक्त पुढचे सुटे दगड सांगत राहिला.

फाट्यावर रुग्णवाहिका उभी होती. सखू, बिरू आणि ठकूबाई तिच्यात बसून गेले. भिकू आणि त्याचा भाऊ पालखीजवळ टेकले. विश्वंभर फाट्यावरच्या टपरीत बसून राहिला. तिथं फोन लागतो. चहा समोर आला, तो निवला, त्यावर साय धरली. ऊन कलल्यावर बिरूचा फोन आला. पोट फाडावं लागलं होतं. मुलगी झाली होती. मायलेकी दोघी वाचल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते की आणखी वेळ लागला असता तर अवघड होतं, हे बिरूनं दोनदा सांगितलं.

रिकामी पालखी घेऊन तिघं वर चढले. दोघं पुढं, मागं एकटा विश्वंभर.

मठात आले तेव्हा सूर्य खिंडीवर टेकला होता. बाबा जीपशेजारी दगडावर बसले होते. समोर एक घमेलं आणि पाना ठेवला होता. पादुका अजून सीटवरच होत्या.

“मुलगी झाली,” विश्वंभर म्हणाला. “दोघी बऱ्या आहेत.”

बाबांनी डोळे मिटले.

विश्वंभर समोर उभा राहिला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. अनुग्रहासाठी तो किती वर्षं बाबांच्या मागे लागला होता, आणि दर गुरुपौर्णिमेला बाबा ‘अजून नाही’ म्हणत आले होते, तेही आठवत होतं. पण आता ते मागायचं तोंड त्याला राहिलं नव्हतं. त्यानं दुसरंच विचारलं.

“बाबा, जी गाडी फार चालत नाही, तिचं तेल कधी बदलायचं?”

“वर्षातून एकदा. चालो न चालो.”

“आणि अधूनमधून चालू करून ठेवायची की नाही?”

“चालू करायची तर पायथ्याच्या फाट्यापर्यंत न्यायची. चांगली तापेपर्यंत. येताना कुणाला तरी घेऊन यायचं.”

विश्वंभरनं मान हलवली. किल्ली कमरेची काढून त्यानं बाबांच्या पायाशी ठेवली.

“चूक माझी आहे, बाबा.”

“अर्धी. किल्ली दिली आणि मी दोन वर्षं टोपण उघडून बघितलं नाही. ती माझी.” बाबांनी किल्ली उचलली आणि त्याच्याच हातात परत दिली. “उद्यापासून मागेल त्याला.”

“उद्या कशाला? तेल आत्ताच काढतो.” विश्वंभर घमेलं घेऊन गाडीखाली शिरायला खाली वाकला.

बाबांनी त्याला हातानंच थांबवलं. मग तो हात बॉनेटवर ठेवला.

“ही गार आहे. गार इंजिनातला मळ तेलाबरोबर येत नाही, तळाशी बसून राहतो. हिचं उद्या, नवं तेल आणून, इथंच तापवून.”

विश्वंभर उभा राहिला. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, खांदा सोलून लाल झाला होता, धाप अजून बसली नव्हती.

बाबांनी तोच हात त्याच्या खांद्यावर ठेवला. खांदा तापलेला होता. हात तसाच राहिला...

“ये, समोर बस,” बाबा म्हणाले. “तुझं आज निघेल.”