प्रधानांमार्फत उजेड

सगळे उजळले आणि नेमके महाराजच विझले!

सोनकुंडच्या दौलतराजांना पन्नासावं वर्ष लागणार होतं. त्या निमित्ताने किल्ल्याच्या तटावर एलईडी दिव्यांच्या चित्रांची शंभर हात लांब स्वारी झळकवायची, तीही बाजारातून न आणता वाड्यातच बनवलेली, असा हुकूम सुटला होता. वाड्याचा वायरमन महादू महिनाभर दिव्यांच्या पट्ट्या कापत आणि तारा डाख देऊन जोडत बसला. रिवाजाप्रमाणे स्वारीत सर्वांत पुढे प्रधान, मागे सेनापती, मग कोतवाल, मग मानकरी, आणि शेवटी हत्तीवर महाराज. वीज देणारा डबा प्रधानांनी हट्टाने आपल्या चित्राखाली बसवून घेतला होता. "महाराजांकडे जातं ते सगळं आमच्यामार्फत जातं. वीज काय मोठी लागून गेली?"

चाचणीच्या संध्याकाळी बटण दाबलं. प्रधानांच्या पगडीतला मोती न् मोती लखलखला. सेनापतींच्या मिशा चमकल्या. कोतवाल जरा पिवळट दिसले, मानकरी काविळीतून उठल्यासारखे. आणि महाराजांचा चेहरा? विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर, तोही निरखून पाहणाऱ्याला!

"हा आमचा वाढदिवस आहे की प्रधानांचा?" महाराज गरजले.

दरबारी मंडळी लगेच कामाला लागली. कोतवाल म्हणाले, "महाराज तेजस्वीच दिसतात अशी दवंडी पिटू. दिसत नाहीत म्हणेल त्याला आत टाकू!" सेनापतींनी मात्र थेट हल्ला केला. डब्याचा जोर दुप्पट करायला लावला. फट्‌ असा आवाज झाला आणि प्रधानांच्या पगडीतून धूर निघाला. महाराज अजून लालच होते, चित्रातही आणि खुर्चीतही.

"महादू!" महाराज ओरडले. "जळलेली पट्टी बदल. डबा तिथेच राहील, दुसरा आणायचा नाही, स्वारीचा क्रम मोडायचा नाही, एकही दिवा काढायचा नाही. उद्या संध्याकाळी आमचा चेहरा प्रधानांइतका उजळला नाही, तर तू राज्याबाहेर!"

महादू घरी आला तो डोक्याला हात लावूनच. त्याची मुलगी सगुणा वाड्याच्या मुदपाकखान्यात वाढपी होती. मोठमोठ्यांच्या पानात कोण किती ओढून घेतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"बाबा, डब्यात वीज कमी पडते का?"

"छे गं! सगळ्यांना पुरून उरेल. पण पट्टीतलं तांबं कागदासारखं पातळ. शंभर हात जाता जाता वीज वाटेतच खर्ची पडते."

सगुणा हसलीच. "म्हणजे रांधलंय भरपूर, वाढताना घोळ होतोय! मग माझंच काम की हे!"

"तुझा उपाय प्रधान करू देतील का?" महादूने विचारलं.

"प्रधानांना विचारतंय कोण? महाराजांना भूक लागू दे फक्त."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. महाराजांचं मानाचं पान शेवटचं. रोज दोन्ही टोकांनी दोन वाढपी निघत. आज मात्र सगुणाने बासुंदीचं एकच पातेलं आणलं आणि ते प्रधानांपुढे ठेवलं.

"सरकारांकडे जायचं ते आपल्यामार्फत जाऊ द्या," ती अदबीने म्हणाली.

प्रधान खूश! त्यांनी तीन पळ्या घेतल्या आणि पातेलं पुढे सरकवलं. सेनापतींनी चार घेतल्या, कारण प्रधानांनी तीन घेतल्या होत्या. कोतवालांनी चौकशीपुरती दोनदा चव पाहिली. मानकऱ्यांनी आपापला मान राखला. पातेलं महाराजांपाशी पोचलं तेव्हा तळाला एक चारोळी होती.

"आमची बासुंदी कुणी चोरली?" महाराज ताडकन उठले.

"चोरली कुणीच नाही, सरकार!" सगुणा म्हणाली. "ज्याच्या त्याच्या हातून पुढे आली, एवढंच. तटावरची वीजही अशीच येते."

महाराजांनी आधी चारोळीकडे पाहिलं, मग प्रधानांच्या मिशीला लागलेल्या बासुंदीकडे.

"मग पोरी, रोज आमची वाटी भरते कशी?"

"दुसरा वाढपी थेट आपल्या टोकाकडून निघतो. मुदपाकखाना एकच, पातेली दोन! तटावर डबा एकच राहू द्या. त्यातून एक जाड तार निघेल, वाटेत कुणापाशी न थांबता थेट हत्तीपर्यंत. मध्ये मानकऱ्यांपाशी आणखी एक. पट्टीला तीन जागांहून वीज मिळेल. डबा हलला नाही, क्रम मोडला नाही, दिवा काढला नाही."

"अहो, पण ती तार आमच्यामार्फत जात नाही!" प्रधान कळवळले.

"म्हणूनच ती पोचेल," सगुणा म्हणाली.

पंगतीत कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. महाराज हसले नाहीत. "आधी उजेड दाखव," एवढंच बोलले.

दुपारभर बापलेकींनी तटावर तारा ओढल्या. अंधार पडता पडता महादूने बटण दाबलं. हत्ती सोंडेपासून शेपटीपर्यंत पांढराशुभ्र झळाळला! महाराजांचा चेहरा असा उजळला की हनुवटीवरची चामखीळसुद्धा प्रजेला मोजता आली. महादूने डोळे पुसले. आपलं घर वाचलं, यापलीकडे त्याला काही दिसत नव्हतं.

महाराज चामखिळीसकट खूश झाले. "शाब्बास! महादू आजपासून वाड्याचा मुख्य कारागीर. आणि पोरी, तुला शंभर मोहरा आणि पैठणी. प्रधानजी, उद्या हे बक्षीस हिच्या घरी..."

"सरकार!" सगुणा घाईने पुढे झाली. "पदर पसरते, तेवढं प्रधानांमार्फत पाठवू नका. माझ्या घरी चारोळी पोचेल!"

महाराज असे खदखदून हसले की डोक्यावरचा मुकुट कलला. हसता हसताच त्यांनी मोहरांची थैली मागवली, प्रधानांच्या पुढ्यातून चालत गेले आणि ती स्वतःच्या हाताने सगुणाच्या पदरात रिती केली.