सुबरावमामाची कंबर

एका पेठेच्या गावात सुबराव नावाचा भोळा हमाल राहायचा. सांगितलेलं तंतोतंत करायचा. तेवढीच काय ती खोड.

एकदा त्यानं गुळाची ढेप वाकून उचलली आणि कमरेत उसण भरली. त्याची थोरली बहीण आक्का रडकुंडीला आली. आठ दिवसांवर तिच्या इंदीचं लग्न. नवरीला उचलून बोहल्यावर आणायचा मान मामाचा, आणि मामा हा एवढा एकच.

"ह्याला नीट उचलायला शिकवा," ती हिंदुराव मुकादमांना म्हणाली.

मुकादम म्हणाले, "सुबराव, कमरेत वाकायचं न्हाई. पाठ ताठ ठिवायची, गुडघं मोडायचं."

"बरं."

दुपारी सुबराव जेवायला बसला. पाठ ताठ. ताट खाली, तोंड वर. सगळी आमटी सदऱ्यानं प्यायली.

"आरं, ते वझं उचलताना!" मुकादमांनी कपाळाला हात लावला. "आनि वझं छातीशी घट्ट धरायचं. लांब धरलंस की ताण कमरंवर."

"बरं."

दुसऱ्या दिवशी तो लग्नाचा नवा सदरा घालून बघत होता. तेवढ्यात आक्कानं शेणाची पाटी उकिरड्यावर टाकायला दिली. त्यानं ती छातीशी कवटाळली. आक्का काय बोलली, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

मुकादम म्हणाले, "आता शेवटचं सांगतो. आपण वजनाचा काटा पोत्यांच्या थप्पीपाशी नेतो, का थप्पी काट्यापाशी? जड जागचं हलवायचं न्हाई. हलकं उचलायचं, जडापाशी न्यायचं. कंबर जन्मभर टिकंल."

"हे मातूर पटलं," सुबराव म्हणाला. मुकादमांनी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

लग्नाचा मुहूर्त आला. अंतरपाट धरला. भटजी ओरडले, "मामा, मुलीला आणा!"

इंदी आत गौरीहरापाशी बसली होती. दुधातुपावर वाढलेली पोर, त्यात शालू, त्यात दागिने. सुबरावानं जरा उचलून पाहिलं.

"मामा, जपून हं."

"तू बस," तो म्हणाला आणि मांडवात आला.

तिथं नवरा उभा होता. पाप्याचं पितर. सुबरावानं पाठ ताठ ठेवली, गुडघे मोडले, नवऱ्याला छातीशी घट्ट धरलं आणि उचललं. उचलणं बिनचूक होतं, हे मुकादमही नाकारू शकले नाहीत.

"अहो मामा, सोडा!" नवरा पाय झाडत ओरडला. अंतरपाट धरणारे दोघं तसेच उभे. अलीकडं कुणी नाही, पलीकडं कुणी नाही.

आक्का धावत आत गेली. नवरा इंदीशेजारी पाटावर बसलेला.

"सुबऱ्या, काय केलंस रं हे?"

"कंबर शाबूत हाय, आक्का!" सुबराव आनंदानं म्हणाला. "आता अंतरपाट आनतो. भटजी तेवढं जड दिसत्यात, त्यास्नी चालत याला सांग."