अस्वलिणीचा कान

जंगलात माणसाची पायवाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एक अस्वलीण आपल्या पिल्लाला, झिपरूला, पाठीवर घेऊन हिंडायची. पण उतार लागला रे लागला, की झिपरू किंचाळायचा आणि तिचा कान कडकडून चावायचा!

भूक लागली असेल म्हणून तिने वारूळ उकरून वाळवी दिली. त्याने थुंकून टाकली. ती खेकसली, तर तो दुप्पट किंचाळला. शेवटी ती वैतागून मटकन खाली बसली. तेव्हा कुठे तिला पाठीवर त्याचं धडधडणारं काळीज जाणवलं.

“अगं बाई, भीती वाटते होय रे तुला?” त्याला कुशीत घेत ती म्हणाली. “मग ‘भीती’ म्हण, की मी थांबलेच. मी आहे ना!”

दुसऱ्या दिवशी पुन्हा उतार आला. अस्वलिणीने कान आधीच पाडून घेतला.

“आई, भीती!” झिपरू ओरडला.

दात लागलाच नाही! तिला नाचावंसं वाटलं, पण कबूल केल्याप्रमाणे ती जागच्या जागी थांबली.

तेवढ्यात दूरवर वाघाची डरकाळी घुमली. अस्वलीण दचकून दोन पावलं मागे सरकली. झिपरूने तिच्या त्याच कानाशी तोंड नेलं.

“आई, भीती?” तो म्हणाला. “मी आहे ना!”